लेथवाल्यांची सुट्टी

जोडून सुट्ट्या आल्या की उद्यमबागेतले लेथ थंडावतात आणि चोर्ला घाट तापतो. बेळगावकर गोव्याला निघतो, म्हणजे रिसॉर्टच्या तरणतलावाकडे. समुद्र खिडकीतून दिसला की झाले. नाष्ट्याला इडली, रात्री पनीर आणि शेजारच्या खोलीत टिळकवाडीचेच कुटुंब. इतके बेळगाव बेळगावातही भेटत नाही. इकडे किल्ल्यातली कमल बस्ती १२०४ सालापासून, रट्टांच्या अमदानीपासून, उभी आहे. छताला दगडी कमळ लटकते. खाली काळे, तुळतुळीत खांब. त्यांच्या गोल कडा अशा नेमक्या की मायक्रॉनवरून भांडणाऱ्या टर्नरने एकदा बोट फिरवून पाहावे. टर्नरांच्या घराण्याचा धंदा तिथे जुना आहे.

राबलेल्या माणसाला इतिहासाचा तास कशाला, हा आक्षेप रास्त आहे. विश्रांती हवीच. पण ट्रकमागे पहिल्या गिअरवर रांगायचे आणि पोहोचल्यावर बुफेच्या रांगेत उभे राहायचे, यात ती नेमकी कुठे बसते? हलशीच्या भूवराह नरसिंह मंदिरात समोरासमोर दोन गाभारे आहेत, गारवा आहे आणि चेक-आउटची वेळ नाही. मुले कंटाळतात म्हणावे, तर ती तरणतलावातही तासाभराने मोबाइलच मागतात. गोव्याशी वैर नाही. तिथेही कदंबकाळातले तांबडी सुर्लाचे महादेव मंदिर आहेच, फक्त दारात वेलकम ड्रिंक मिळत नाही. आणि गांधीजी अध्यक्ष असलेले एकमेव काँग्रेस अधिवेशन १९२४ साली टिळकवाडीत भरले, तिथे जायला तर घाटही लागत नाही. कदाचित तीच अडचण असावी.