आरसा, बाजू आणि घंटा

‘कला समाजाचा आरसा आहे.’ नववीच्या वर्गात वादविवाद. डावीकडचे बाक अनुकूल, उजवीकडचे प्रतिकूल. ज्याचे त्याचे मत बसण्याच्या जागेवरून ठरलेले. आमदारकीची इतकी चोख पूर्वतयारी दुसरीकडे मिळणार नाही.

अनुकूल गटाने ‘संगीत शारदा’ काढले. कोवळ्या मुलीशी लग्न करायला, बाशिंगाला आसुसलेल्या म्हाताऱ्याची गोविंद बल्लाळ देवलांनी १८९९ साली रंगभूमीवर टर उडवली. मुलींच्या लग्नाचे किमान वय १४ ठरवणारा सारडा कायदा आला १९२९ मध्ये. म्हणजे आरशात डाग दिसल्यावर तोंड धुवायला ३० वर्षे! “मग आरसा हवा कशाला?” उजवीकडून प्रश्न आला. बाईंनी घंटा वाजवली.

खरे मर्मज्ञ रसिक होते ते इंग्रज सरकार. खाडिलकरांच्या १९०७ च्या ‘कीचकवधा’त कीचक विराटाच्या दरबारातला, प्रेक्षकांना मात्र दिसला लॉर्ड कर्झन. सरकारलाही तोच दिसला आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. महाभारतात आपला चेहरा ओळखायला व्यासंग लागतो. पुढच्या काळातले बंदीवाले या बाबतीत फारच पुढे गेले. त्यांना तर नाटक पाहावेही लागत नाही.

वर्गात शेवटी दोन्ही गटांना सारखे गुण मिळाले. ‘शारदा’ कोणी वाचले आहे, हे विचारायचे राहून गेले.