आपला सौरभ, त्यांचा एजाज

जून 2024. डोंबिवली फास्टमध्ये आमच्या ग्रुपने सौरभ नेत्रावळकरला एकमताने मराठी ठरवलं. अमेरिकेकडून खेळताना त्याने पाकिस्तानविरुद्ध सुपर ओव्हर टाकून सामना जिंकून दिला होता. "शेवटी आपल्या मुंबईचा पोरगा!" जोशीकाका म्हणाले आणि वडीच्या डब्याचं झाकण उघडलं.

सहा दिवसांनी त्याच पोराने न्यूयॉर्कात कोहलीला पहिल्याच चेंडूवर शून्यावर घालवलं, मग रोहितला तीनवर. दुसऱ्या दिवशी डब्यात तो अमेरिकन झाला होता. वडीही नव्हती.

एजाज पटेलचंही तेच. जन्म मुंबईचा. 2021मध्ये वानखेडेवर न्यूझीलंडसाठी डावात दहाच्या दहा बळी घेतले. सामना आपण जिंकलो, म्हणून तो 'मुंबईकर'. 2024मध्ये तिथेच अकरा घेतले, आपण मालिका 3-0 हरलो. तेव्हा 'किवी फिरकीपटू'.

आयसीसीला देश बदलायला तीन वर्षांचा रहिवास पुरतो. आमच्या डब्यात ठाण्याला चढणारे एक गृहस्थ अकरा वर्षं दारात उभे आहेत. त्यांना अजून चौथी सीट मिळालेली नाही.