आधी खिळा विचारा

अलिबाग, किहीम, नागाव, काशीद. किनाऱ्यालगत नवा बंगला उभा राहिला की उतरत्या छपरावर कौलच चढेल असं आता धरता येत नाही. डांबरी शिंगल चढतं, त्यातही दोन थरांचं, जाड, सावली पडावी म्हणून वेडंवाकडं कापलेलं 'आर्किटेक्चरल' शिंगल. मालक बहुधा मुंबई-पुण्याचा, शनिवारी येऊन रविवारी परतणारा. आर्किटेक्ट कॅटलॉग पुढे करतो, घरचे रंग निवडतात, विक्रेता तीस वर्षांच्या वॉरंटीचा कागद हातात ठेवतो आणि छपराचा विषय मिटतो. खिळा कोणता, हे कोणीच विचारत नाही. मला राग आहे तो या न विचारण्याचा.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यात आलं. ताशी 110 ते 120 किलोमीटरचा वारा, वर टाळेबंदी. श्रीवर्धनपासून अलिबागपर्यंत पत्रे उडाले, कौलांचा चुरा झाला, नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पाऊस तोंडावर आणि माणसं ताडपत्री, पत्रे, कौलं शोधत वणवण फिरत होती. छप्पर किती टिकतं हे विचारावंच. पण मोडल्यावर ते कोण दुरुस्त करणार, कुठल्या मालाने आणि किती दिवसांत, हेही तितकंच विचारायला हवं, एवढं त्या जूनने आपल्याला शिकवायला हवं होतं.

शिंगल वाऱ्याला धरून राहतं ते दोन गोष्टींवर. पहिली, पाठीवरची डांबराची पट्टी. उन्हाने ती तापते आणि वरचं शिंगल खालच्याला चिकटतं. म्हणून हे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये व्हावं. मेअखेर, लाल मातीची धूळ उडत असताना, पाऊस गाठायच्या घाईत शिंगल ठोकलं तर पट्टीवर धूळ बसते, ऊन पुरत नाही आणि जूनचा पहिला झोत त्या सुट्या कडा उचलतो.

दुसरी गोष्ट खिळा. जिथे दोन्ही थर एकावर एक येतात तिथे शिंगलवर एक रेघ आखलेली असते. खिळा त्याच रेघेवर, सरळ, डोकं पृष्ठभागाशी समपातळीत. दोन बोटं वर ठोकला तर तो एकाच थरातून जातो. यंत्राने ठोकताना हवेचा दाब जास्त असेल तर डोकं आत घुसतं आणि खालची काचतंतूंची जाळी कापली जाते. खालून पाहणाऱ्याला यातलं काही दिसत नाही, छप्पर देखणंच दिसतं. एरवी एका शिंगलला चार खिळे चालतात, वाऱ्याच्या जागी सहा लागतात. आणि खाऱ्या हवेत ते स्टेनलेस स्टीलचेच हवेत. साधा खिळा काही पावसाळ्यांत गंजून बारीक होतो. शिंगल धडधाकट आणि त्याला धरणारा खिळाच गेलेला. लाखो रुपयांच्या छपरात खिळ्यांवर पैसे वाचवणाऱ्या ठेकेदाराला मी दोष देतोच, पण न विचारणाऱ्या मालकालाही देतो.

कागदावर रंगाआधी वाऱ्याचा वर्ग बघा. इमारतींवरील वाऱ्याच्या भारासाठीचं भारतीय मानक आयएस 875, भाग तिसरा, मुंबईसाठी सेकंदाला 44 मीटरचा वारा धरतं, म्हणजे ताशी जवळजवळ 160 किलोमीटर. समोर उघडा समुद्र असताना त्याखालचं काही घेऊ नये. अमेरिकी चाचणीतला डी 3161 चा 'एफ' वर्ग ताशी 177 किलोमीटरला तपासलेला असतो, डी 7158 चा 'एच' वर्ग 241 ला. यांपैकी एक छापलेला नसेल तर तो माल परत पाठवा. वॉरंटी बहुधा कारखान्यातल्या दोषाची असते. चुकीचा खिळा, कोंदलेली हवा किंवा ठरलेल्या वेगापलीकडचा वारा तिच्यात बसत नाही, आणि कोकणात छपरं जातात ती याच कारणांनी.

शिंगलखालचा प्लायवूड हे दुसरं दुखणं. कौलाला रिपा पुरतात, शिंगलला सलग फळी लागते. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस आणि चार महिने ओल. साधा प्लाय इथे फुगतो, मग वाळवी लागते. आयएस 710 चा मरीन प्लाय घ्या, दोन तक्त्यांत तीनेक मिलिमीटरची फट सोडा, वळचणीखालून हवा आत आणि आढ्यावरून बाहेर जायची वाट ठेवा. बंद बंगल्यात ही वाट नसेल तर फळी आतून कुजते आणि कळतं ते थेट दिवाळीत, छताला हात लावल्यावर.

आता कौलाकडे या. बासेल मिशनने 1865 मध्ये मंगळुरात कारखाना काढला आणि ते चपटं लाल कौल गलबतांतून आपल्या बंदरांत उतरलं. त्याच्या पाठीवरची दोन नाकं रिपेला अडकतात, खिळा लागत नाही. फुटलं तर शेजारचं सरकवून नवं घालता येतं, अर्ध्या तासाचं काम. त्याची उणीवही सांगतो. माकडं नाचली की कौलं फुटतात, वरून नारळ पडला तर फुटतात, दर मे महिन्यात छप्पर शाकारावं लागतं आणि शाकारणारे हात गावोगाव कमी होत चाललेत. घर हलकं हवं असेल तर शिंगलचं वजन कौलाच्या निम्म्याहूनही कमी. या अडचणींना कंटाळून कोणी शिंगलकडे वळला तर मी त्याला नावं ठेवणार नाही.

पण 'याला काही बघावं लागत नाही' हे विक्रेत्याचं वाक्य साफ खोटं आहे. पावसाळा संपला की पन्हळीच्या तोंडाशी हात घाला. मूठभर रंगीत जाड रेती हाती येईल. नव्या छपराची थोडी गळतेच; पण काही वर्षांनीही ती मुठीने येत असेल, तर डांबराला उन्हापासून वाचवणारं कवच उतरतंय. माडाच्या सावलीतल्या पाख्यावर काळे ओघळ दिसतील. ते सूक्ष्म शेवाळ आहे, त्यासाठी तांब्याचे कण मिसळलेलं शिंगल आधीच घ्यावं किंवा आढ्याखाली तांब्याची पट्टी मारावी. गडी प्रेशर पंप घेऊन वर चढत असेल तर त्याला खाली बोलवा. त्या धारेने शेवाळाआधी रेती जाते. झावळ्या आणि पालापाचोळा मेमध्ये काढा, वर टेकणाऱ्या फांद्या तोडा, कडेचं शिंगल बोटाने हळूच उचलून चिकटलंय का ते बघा.

बारा महिने राहतं घर असेल आणि गावात कौलं लावणारा मेस्त्री असेल, तर कौलच घाला, असं माझं स्पष्ट मत आहे. शिंगलच हवं असेल तर करारात चार ओळी लिहून घ्या: स्टेनलेस खिळे, शिंगलला सहा, मरीन प्लाय, काम मार्चअखेर पूर्ण. त्याच रंगाची दोन-तीन गठ्ठे शिंगलं जास्तीची मागवून घरात ठेवा, कारण वादळानंतर ती अलिबागच्या बाजारात मिळणार नाहीत. आणि पहिली रांग ठोकली जाईल त्या दिवशी स्वतः शिडीवर चढून खिळे मोजा.