बनियन न काढणारी पोरं

कोल्हापुरात पैलवानाचा फुटलेला कान मिरवला जातो. कुस्तीत कान रगडला जातो, कातडी आणि कूर्चा यांच्यामध्ये रक्त साचतं, घट्ट होतं आणि कानाचा गोळा कायमचा तसाच राहतो. असा कान घेऊन माणूस गंगावेशीतून चालला, की दुकानदार उठून रामराम घालतो. कान सरळ करून द्या म्हणून डॉक्टरकडे गेलेला पैलवान माझ्या पाहण्यात नाही, आणि त्यानं जायची गरजही नाही. 1912 साली खुल्या झालेल्या शाहू महाराजांच्या खासबाग कुस्ती मैदानात ज्यानं लाल माती अंगाला लावली, त्याच्या अंगावरच्या प्रत्येक खुणेला या गावात मान आहे.

याच गावात बनियन न काढणारी पोरं आहेत. पंचगंगेच्या घाटावर सगळे सूर मारत असताना ती पायरीवर दुसऱ्यांचे कपडे सांभाळत बसतात. तालमीत घातलं की आठवड्याभरात त्यांचा गुडघा दुखायला लागतो. गोल झाल्यावर बाकीचे जर्सी काढून फिरवतात, तेव्हा ही आपली जर्सी आणखी खाली ओढतात. कारण त्यांच्या छातीवर मुलीसारखी वाढ आहे. मी त्यातलाच एक. आज माझ्या छातीवर दोन बारीक व्रण आहेत, ते कॉस्मेटिक सर्जरीचे आहेत, आणि हे मी उघड लिहितोय. लपवण्यासारखं त्यात काहीही नाही.

या वाढीला डॉक्टर गायनेकोमास्टिया म्हणतात. वयात येताना निम्म्याच्या आसपास मुलांमध्ये ती थोडीफार दिसते. इस्ट्रोजेन आणि टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकांचं प्रमाण त्या काळात वरखाली होतं आणि छातीतली ग्रंथी वाढते. बहुतेकांची दीड-दोन वर्षांत आपोआप बसते. काहींची बसत नाही. अशा पोराला अख्खं गाव एकच औषध सांगतं, जोर मार. मी मारले. छातीचे स्नायू भरले आणि त्यांच्यावरची गाठ आणखी पुढे दिसायला लागली. जोर मारून ग्रंथी जात नाही. ती चरबी नव्हे, हे वस्तादांपासून शेजाऱ्यांपर्यंत कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसताना बोलायला सगळे पुढे होते.

टोपणनाव पडलं होतं. ते इथे लिहिणार नाही. एवढंच सांगतो, की मारापेक्षा ते जास्त लागायचं, कारण मार मैदानात संपतो आणि टोपणनाव घरापर्यंत मागोमाग येतं.

ऑपरेशन पूर्ण भूल देऊन झालं. स्तनाग्राच्या कडेनं अर्धवर्तुळाकार छेद, त्यातून ग्रंथी बाहेर, आजूबाजूची चरबी नळीनं ओढून घेतलेली. पुढचे काही आठवडे छाती आवळून धरणारं जाकीट. दुखतं, हे स्पष्ट सांगायला हवं. कुशीवर झोपता येत नाही, रिक्षा खड्ड्यातून गेली की डोळ्यांत पाणी येतं, आणि छातीचा काही भाग बरेच महिने बधिर राहतो. ज्यांना ही हौस वाटते त्यांनी त्या जाकिटात एक मे महिना काढून दाखवावा.

आईचा प्रश्न होता, देवानं दिलेलं कापायचं कशाला? मी तिला विचारलं, मग तुझा मोतीबिंदू कुणी दिला होता? ती गप्प बसली आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डबा घेऊन तीच आली. नातेवाइकांना मात्र घरानं सांगितलं, छातीतली गाठ काढली. गाठ म्हटल्यावर सगळे सफरचंदं घेऊन भेटायला आले. छाती सपाट करून घेतली असं सांगितलं असतं, तर यातला एकही जिना चढला नसता.

विमा कंपनीनं पैसे नाकारले. दिसणं बदलण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया पॉलिसीत बसत नाही. अपघात, भाजणं किंवा कॅन्सर यांनंतरची असेल, नाहीतर वैद्यकीय गरज म्हणून डॉक्टरनं लिहून दिलेली असेल, तर बसते. जीएसटीचा नियम वेगळाच. उपचारांना कर माफ आहे, कॉस्मेटिक सर्जरीला 18 टक्के लागतो. पण जन्मजात व्यंग, इजा किंवा वाढीतला दोष दुरुस्त करायचा असेल तर तिलाही सूट. म्हणजे कर घेणाऱ्या सरकारला वाढीतला दोष कळतो, विम्याच्या यादीत मात्र तो शब्दच नाही. तो घालायला हवा. शर्टाखाली सोळाव्या वर्षापासून कुढणाऱ्या पोराची गरज ही गरजच आहे.

शौक म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी कावसजीची गोष्ट ऐकावी. इंग्रजी फौजेबरोबरचा हा मराठा बैलवाला 1792च्या लढाईत टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला. त्यांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. पुढे पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिरानं त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून नवं नाक बसवलं. 1794 साली लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये ती हकिकत छापून आली, ती वाचून तिथल्या कार्प्यू नावाच्या सर्जननं 1814 साली तसंच ऑपरेशन केलं, आणि पुढे युरोपात त्याची वाट रुळली. कावसजीचा श्वास नाकाशिवायही चालू होता. त्याला चारचौघांत तोंड वर करून फिरायचं होतं. त्याची लाज शत्रूनं कापली म्हणून सगळ्यांना कळली. माझी संप्रेरकांनी काढली, म्हणून ती चेष्टेचा विषय झाली.

प्रत्येक ऑपरेशनचं मी समर्थन करत नाही. सतरा वर्षांच्या पोरीला नाकामुळे स्थळं परत जातील असं घरच्यांनीच सांगितलं असेल, तर सुरी तिच्या नाकाला लावू नका, ते बोलणं आधी थांबवा. आणि जिममध्ये महिन्याभरात छाती भरून देतो म्हणत पोरांना स्टेरॉइडची इंजेक्शनं टोचणारे सरळ गुन्हेगार आहेत. बाहेरून टोचलेल्या टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीर इस्ट्रोजेनमध्ये बदलतं, आणि बॉडी बनवायला गेलेलं पोर हीच गाठ घेऊन परत येतं. ही इंजेक्शनं कुठे मिळतात हे प्रत्येक पेठेतल्या पोरांना माहीत असतं. पोलिसांनाही ते शोधायला फार लांब जावं लागणार नाही.

आईबापांनो, पोरगं भर उन्हाळ्यात बनियनवर जाड शर्ट घालत असेल, खांदे पुढे काढून वाकून चालत असेल, तर त्याला जोर मारायला सांगू नका. चारचौघांत विचारू नका. त्याला सीपीआर रुग्णालयात किंवा तुमच्या डॉक्टरांकडे न्या. ते संप्रेरकांची तपासणी करतील, लागली तर सोनोग्राफी. एखाद्या औषधानं किंवा क्वचित वृषणातल्या गाठीनंही ही वाढ होते, ते आधी तपासायला हवं. ऑपरेशनची घाई नको, दोन वर्षं वाट पाहा. करायचंच ठरलं तर पाटीवर प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डीएनबी (आता डीआरएनबी) ही पदवी आहे का वाचा, नुसत्या झगमगत्या जाहिरातीवर जाऊ नका. आणि वर्गातल्या अशा पोराला टोपणनाव ठेवणारा तुमचाच मुलगा असेल, तर त्याचं तोंड आजच बंद करा.