देव आत, देऊळ बाहेर

जोडून सुट्ट्या आल्या की अर्धं पुणं लोणावळ्याच्या वाटेला लागतं. रस्त्यावर गाड्यांची रांग, मागच्या सीटवर कंटाळलेली पोरं. याला आपण निसर्गसहल म्हणतो.

निसर्ग बघायला निघालेल्या माणसाला दिवसभर दिसतं काय? पुढच्या गाडीची नंबरप्लेट.

या रांगेत बीडची, लातूरची, परभणीची पोरंही असतात. शिक्षणाला, नोकरीला पुण्यात आलेली. मित्रांनी त्यांना सिंहगडावर नेऊन पिठलं-भाकरी खाऊ घातलेली असते. उलट आमंत्रण त्यांच्यापैकी किती जणांनी दिलं?

‘आमच्याकडं काय आहे बघण्यासारखं?’ हे उत्तर तोंडपाठ.

धर्मापुरी आहे!

बीड जिल्ह्यातलं गाव. तिथं केदारेश्वराचं देऊळ आहे, कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातलं. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण. याच घराण्यातल्या सहाव्या विक्रमादित्यानं 1076 ते 1126 अशी पन्नास वर्षं राज्य केलं. तेव्हा या भागाला मागास म्हणायची कुणाची छाती नव्हती.

जवळच्या परळीला भाविकांची रीघ असते. वैद्यनाथाचं दर्शन, मग अंबाजोगाईला योगेश्वरीचं दर्शन, नारळ, प्रसाद, गाडी चालू. धर्मापुरीसाठी वाट वाकडी करणारा विरळाच. कारण सरळ आहे: तिथला नवस कुणी सांगितलेला नाही.

जो येतो, तोही चपला काढून थेट गाभाऱ्यात शिरतो. बेल वाहतो, घंटा वाजवतो, निघतो. बाहेरच्या भिंतीवर कोरलेल्या सुरसुंदरी शतकानुशतकं उभ्या आहेत. त्यांच्याकडे बघायला वेळ नाही. त्यांच्याकडे पाठ करून सेल्फी काढायला आहे.

गावात भुईकोट किल्लाही आहे. त्याच्या तटात देवळांचे कोरीव दगड बसवलेले. एकाच भिंतीत दोन काळ शेजारी बसलेत. ही भिंत वाचायला शिकवणारा धडा कुठल्या इयत्तेत आहे?

अंबाजोगाईत संतकवी मुकुंदराजांची समाधी आहे, दासोपंतांचीही. दासोपंतांनी सुमारे चाळीस फूट लांब कापडावर ग्रंथ लिहिला. ती पासोडी याच गावची. आपण त्या गावात थांबतो ते चहापुरते.

‘बरं, पण निसर्ग?’

पाऊस पडून गेल्यावर बालाघाटाच्या डोंगरांत या. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, पाटोदा तालुक्यात सौताड्याचा धबधबा आहे. त्याच तालुक्यात नायगावला मोरांचं अभयारण्य आहे. दसरा-दिवाळीच्या सुमाराला डोंगरातली सीताफळं बाजारात येतात.

इथला दुष्काळ खोटा नाही. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्याच 2016 साली बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं. पाण्याची रेल्वे साऱ्या देशानं पाहिली. सीताफळाची बातमी किती जणांना आठवते?

‘सोयी नाहीत’ ही तक्रार रास्त आहे. दिशादर्शक पाटी हवी, स्वच्छतागृह हवं, माहिती सांगणारं माणूस हवं. पण कुणी फिरकतच नसेल, तर हे मागायचं कुणी? आणि मागायचं कुणासाठी?

मात्र प्रेमाचंही भय वाटतं. आपल्याकडे जुन्या देवळाबद्दल ममता दाटून आली की आधी ऑइलपेंटचा डबा उघडतो. मग चकचकीत फरशी, मग पत्र्याचा मंडप. आक्रमणं पचवून उभी राहिलेली शिल्पं जीर्णोद्धारात जातात.

उपाय साधा आहे. बीड-लातूरच्या शाळांनी एक वर्ष महाबळेश्वर राहू द्यावं. सहल धर्मापुरीला न्यावी. सकाळी निघावं, संध्याकाळी घरी.

पोरांना एकच काम द्यावं. भिंतीवरची एक मूर्ती निवडायची, समोर बसायचं आणि वहीत काढायची. बोटं, बांगड्या, केसांचा खोपा, सगळं. ज्या पोरीनं तासभर त्या बांगड्या न्याहाळल्या, ती मोठेपणी त्यांच्यावर कुणाला रंग फासू देणार नाही.

पुरातत्त्व खात्याचा निळा फलक एवढी राखण करत नाही.