पत्त्यांचे कुलगुरू

साताऱ्यात पोवई नाक्याजवळ आणि सांगलीत विश्रामबागेत हा गृहस्थ हमखास सापडतो. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे, निवृत्ती बहुधा पाटबंधारे खात्यातून नाहीतर सहकारी बँकेतून, आणि पिशवीत भाजीच्या वर ठेवलेला पत्त्यांचा जोड. पैसे लावून तो खेळत नाही. खेळ शिकवतोही क्वचितच. कुणी कोणता खेळ आधी शिकावा हे ठरवणं, एवढंच काम त्यानं आपल्याकडं घेतलेलं असतं. पोरं समोर ‘अण्णा’ म्हणतात, पाठीमागं ‘कुलगुरू’.

प्रवेशपरीक्षा गणपतीच्या मांडवात होते. रात्री मूर्तीजवळ जागायला कुणीतरी लागतंच. पुण्याला आयटीत लागलेला एखादा पोरगा सुट्टीवर आलेला असतो, तो विचारतो, “अण्णा, पोकर शिकायचंय. होल्डम आधी घेऊ का ओमाहा?”

अण्णा चष्मा कपाळावर चढवतात. “मेंढीकोट येतंय?”

“येतंय की.”

“बंद हुकूम उघडायला लागला तर भिडूच्या तोंडाकडं बघतोस का हातातल्या पानांकडं?”

“पानांकडं.”

“नापास. पुढच्या गणपतीला ये.”

अण्णांच्या विद्यापीठात झब्बू म्हणजे बालवाडी, कारण चारचौघांत हसत हरायला तिथंच शिकायचं. बदाम सातमध्ये हातात पान असून दाबून ठेवायचा दुष्टपणा अंगी बाणतो. मग रमी. तिला ते अदबीनं ‘रमीबाई’ म्हणतात. ती कौशल्याचा खेळ आहे असं सुप्रीम कोर्टानं 1967 मध्ये म्हटलंय, हे सांगताना त्यांची मान अशी ताठ होते की वाटावं, अर्ज यांनीच केला होता. त्यानंतर तीन पत्ती, आणि सगळ्यात शेवटी पोकर. आत्तापर्यंत शेवटपर्यंत कुणी पोचल्याचं ऐकिवात नाही.

तीन पत्तीतून पोकरमध्ये येणाऱ्याची मात्र खरोखर पंचाईत होते, आणि इथं अण्णा आपलं पांडित्य बाहेर काढतात. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरला मारतो. पोकरमध्ये कलर सिक्वेन्सला मारतो. साताऱ्याचा भिडू हे ऐकून थेट उठूनच उभा राहतो: “म्हंजे आमी इतकी वर्सं चुकीचं खेळलो?” अण्णा त्याला खाली बसवतात. तीन पानांचे हात होतात एकूण 22,100. त्यांत साधे सिक्वेन्स 720 आणि कलर 1,096, म्हणून सिक्वेन्स मोठा. पाच पानांचे हात होतात 25,98,960. त्यांत सिक्वेन्स 10,200 आणि कलर 5,108 च, म्हणून कलर मोठा. जे दुर्मिळ त्याचा मान जास्त, नियम एकच. पंचवीस लाखांचा आकडा आला की पोरं दचकतात. एकानं विचारलं होतं, त्यात पार्किंग धरलंय का?

सांगलीच्या कुलगुरूंचं आणि साताऱ्याच्या कुलगुरूंचं पटत नाही. कराडला एका लग्नात दोघं एकाच टेबलाला आले आणि मंगलाष्टकांपासून मठ्ठ्यापर्यंत भांडले. सांगलीकर म्हणाले, सुरुवात पाच पानी ड्रॉनं करावी. पानं आपली आपल्याजवळ, नको ती बदलून घ्यायची, रमीत वाढलेल्या माणसाला ते लगेच कळतं. सातारकर म्हणाले, शिकवायचं ते टेक्सास होल्डमच. हातात दोनच पानं, पाच पानं टेबलावर सगळ्यांची मिळून, म्हणजे नवख्याला स्वतःचं थोडं आणि जगाचं जास्त बघायची सवय लागते. शिवाय आज जाल तिथं हाच खेळ मांडलेला असतो. मग एक्का-दुर्री-तिर्रीचा विषय निघाला. तीन पत्तीत काही घरी ती सगळ्यात मोठा सिक्वेन्स, काही घरी दुसऱ्या नंबरचा. पोकरमध्ये एक्क्यापासून पंजीपर्यंतचा सिक्वेन्स सगळ्यात खालचा. यावर दोघांचेही आवाज इतके चढले की वाढपी जिलेबी न वाढताच पुढं गेला.

माझं मत विचाराल तर सातारकर बरोबर. ओमाहा आधी शिकू नये, यावर तर दोघंही एक होते, आणि ते योग्यच. ओमाहात हातात चार पानं मिळतात. नवख्याच्या हातात चार बदाम आले आणि टेबलावर आणखी एक पडलं, की तो कलर झाला म्हणून खुर्चीत नाचायला लागतो. पण तिथं हातातली दोनच पानं धरायची, कमी नाहीत, जास्त नाहीत. टेबलावर तीन बदाम पडल्याशिवाय कलर नाही. चार बदाम हातात घेऊन हरण्याचं दुःख विसाव्या वर्षी कुणाच्या वाट्याला येऊ नये.

सांगलीचे कुलगुरू नाटकाच्या गावचे, त्यामुळं त्यांचा ‘पोकर फेस’चा तास रंगतो. हरिपूरच्या देवलांनी मराठीत आणलेलं ‘मृच्छकटिक’ ते मूळ शूद्रकापासून सांगतात. जुगारात हरलेला संवाहक पळून एका ओस देवळात शिरतो आणि मूर्ती होऊन उभा राहतो. मागावरचे दोघं शंका घेतात, हलवून बघतात, हा ढिम्म. मग ते तिथंच डाव मांडतात, आणि फाशांचा आवाज कानावर पडताच आमची मूर्ती पुढं सरसावते. “थाप मारणं सोपं असतं बाळ,” अण्णा म्हणतात, “दुसऱ्याचा डाव चालू असताना गप्प उभं राहणं अवघड.”

चिपांचा प्रश्न दोन्ही गावांनी आपापल्या परीनं सोडवलाय. सांगलीत तासगावचे बेदाणे लावतात. हिरवा एक रुपयाचा, काळा पाचचा. साताऱ्यात एका दिवाळीला कंदी पेढे लावून बघितले. पहिल्याच डावात एकानं रेज करता करता पेढा तोंडात टाकला, दुसऱ्यानं कॉल म्हणून दुसरा, आणि शो व्हायच्या आत पॉट रिकामा. वहिनींनी वर सुनावलं ते वेगळं: डबा विकत आणलाय, म्हणजे हा पैशांचाच जुगार झाला. मांडवातल्या निवृत्त हवालदारांनी 1887 च्या जुगार कायद्याचा दाखला देत वहिनींची बाजू घेतली. त्यांना पेढा मिळाला नव्हता.

2025 च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्रानं बंदीचा कायदा केला, तेव्हा दोन्ही कुलगुरूंना मनापासून आनंद झाला. मोबाइलवर शिकलेल्या पोरांना पानं पिसता येत नाहीत, वाटताना खालचं पान दिसतं, ही त्यांची जुनी तक्रार. आता पोरं परत मांडवात येतील, असं दोघांनाही वाटतं.

तुम्हाला शिकायचंच असेल तर होल्डमपासून सुरू करा, आणि मेंढीकोट येतं का विचारलं तर “नाही” म्हणा, म्हणजे एक परीक्षा वाचेल. जाताना पाव किलो बेदाणे न्या. पेढे नेऊ नका.