वाढत्या अंगाचा कार्बोरेटर

जुन्या पद्मिनीत प्रीमियर 118 एनईचं इंजिन चढवायचं ठरलं, की माउंटिंग, गिअरबॉक्स, आरटीओची परवानगी या सगळ्याचा माणूस शहाण्यासारखा विचार करतो. अक्कल गहाण पडते ती कार्बोरेटरपाशी. इंजिन आधी 1089 सीसीचं, आता निस्सानच्या घराण्यातलं 1171 सीसीचं. वाढ सगळी मिळून 82 सीसी. पण त्या आनंदात मालक असा भला थोरला घसा असलेला कार्बोरेटर शोधू लागतो, की शेजारची स्कॉर्पिओसुद्धा त्यातून श्वास घेईल. पोराला वाढत्या अंगाचा शर्ट घ्यायची आपली जुनी सवय. पोर निदान वाढतं तरी!

हिशोब अवघड नाही. इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपल्या मापाची हवा ओढतं. मिनिटाला 5500 फेरे धरले आणि सिलिंडर 80 टक्के भरतात असं मानलं, तर 1171 सीसीला मिनिटाला सुमारे 2600 लिटर हवा लागते; आणि तीही गाडी जीव खाऊन पळत असेल तर. दादर टीटीच्या सिग्नलला याच्या पाव हवासुद्धा लागत नाही. कार्बोरेटरचा घसा अरुंद ठेवलेला असतो तो कंजूषपणाने नव्हे. तिथे हवा वेगाने जाते, दाब उतरतो आणि त्या ओढीने पेट्रोल जेटमधून वर येतं. घसा मोठा केला, की हवा आरामात रमतगमत जाते, पेट्रोल जागचं हलत नाही आणि सिग्नल हिरवा झाल्यावर गाडी आचके देते. कुणी म्हणेल, वेबरचा 32/36 आहे की, त्याचा दुसरा घसा पॅडल बरंच दाबल्यावरच उघडतो. मान्य. तो चालेल, जेट या इंजिनाच्या मापाचे घातले तर. मग फ्युएल इंजेक्शनच का नको? जरूर करा, पण जास्त दाबाचा पंप, सेन्सर आणि कॉम्प्युटर बसवल्यावर आत जुनं काय उरलं, ते बॉनेट उघडून मला दाखवा.

राहिला कार्बोरेटर खोलण्याचा भाग. किटमध्ये गॅस्केट, नीडल, डायफ्रॅम मिळतात. झिजलेलं भोक मिळत नाही. थ्रॉटलचा दांडा चिमटीत धरून वरखाली हलवून पाहावा. खडखडला, तर तिथून चोरून हवा आत शिरते, आणि मिक्श्चरचा स्क्रू जन्मभर पिळला तरी आयडलिंग बसत नाही. लेथवर नेऊन बुश घालणं हाच इलाज. दुसरा शत्रू म्हणजे तार. जेटवर 120 कोरलेलं असतं, म्हणजे भोक 1.20 मिलिमीटरचं. कचरा काढायला तार घालून ते 1.25 झालं, तर क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढतं.

इथे तारवाले मिस्त्री हसतील, आणि त्यांच्याकडे मुद्दाही आहे. साध्या पेट्रोलला वजनाच्या 14.7 पट हवा लागते. 20 टक्के इथेनॉलवाल्याला साधारण साडेतेरा पट. म्हणजे आजच्या पंपावरचं पेट्रोल जुन्या जेटमधून सात-आठ टक्के कमीच पडतं. मग तारेने नकळत भलंच केलं की! केलं असेलही, पण तारेला आठ टक्क्यांवर थांबता येत नाही, आणि भोक गोल राहीलच याची हमी नाही. 125 नंबरचा जेट विकत मिळतो. तो घ्यावा, आणि तार मिस्त्रीच्या खिशातून काढून घ्यावी.